हुजूर पक्ष आणि दिव्यांगांचा बस-रेल्वे प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं, त्यांना भेटायला जाणारे आई-वडील आणि इथे बसून तिथलं राजकारण चवीने वाचणारे लोक, असे तिन्ही प्रकारचे वाचक हे प्रश्न विचारतात. त्यामुळे उत्तरांत राजकारण जास्त आहे, पण कामाची माहितीही आहे.

हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) दिव्यांगांना सोयीच्या सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने आहे की विरोधात?

बाजूने. दिव्यांगांशी होणारा भेदभाव रोखणारा ब्रिटनमधला पहिला व्यापक कायदा १९९५ चा आहे आणि तो जॉन मेजर यांच्या हुजूर सरकारने केला. बस, रेल्वेगाडी आणि टॅक्सी कशी असावी याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो याच कायद्यातून. पक्षाला सरसकट विरोधक ठरवायला निघालं की हा कायदा आडवा येतो.

पण त्यानंतरची तीस वर्षं नीट पाहिली की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. गाडीत एकदा बसवलं की काम झालं, अशा सोयींना या पक्षाची फारशी हरकत नसते : रॅम्प, रुंद दार, पुढचा थांबा सांगणारा आवाज. जी सोय रोज कुणाच्या तरी पगारावर चालते, म्हणजे फलाटावरचा माणूस, तिकीट खिडकी, गार्ड, तिथे हात आखडतो. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून इथेच येतील.

१९९५ चा कायदा त्यांनी आपणहून केला का?

छे, करावा लागला. आधीची बरीच वर्षं सरकारचं पालुपद ठरलेलं होतं : कायद्याची गरज नाही, समजावून सांगू, प्रबोधन करू, कंपन्या आपोआप सुधारतील. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्हीलचेअरवरचे आंदोलक लंडनच्या रस्त्यांवर बससमोर आडवे झाले, काहींनी स्वतःला बसला साखळ्यांनी बांधून घेतलं. ज्या बसमध्ये चढता येत नाही ती आम्ही पुढेही जाऊ देणार नाही, असा सरळ हिशेब.

१९९४ मध्ये मजूर पक्षाचे (लेबर) खासदार रॉजर बेरी यांनी दिव्यांगांच्या नागरी हक्कांचं खासगी विधेयक आणलं. ते पाडायचं तर उघड विरोध करणं अवघड. म्हणून हुजूर पक्षाच्या काही मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या, खासदारांनी त्यावर ढीगभर दुरुस्त्या टाकल्या आणि चर्चेची वेळ संपवली. पुढे कळलं की या दुरुस्त्यांचा मसुदा सरकारच्याच पदरी असलेल्या मसुदाकारांनी तयार केला होता. खासदार ओल्गा मेटलंड यांना सभागृहाची माफी मागावी लागली, दिव्यांगविषयक मंत्री निकोलस स्कॉट यांनाही. स्कॉट यांची अडचण दुहेरी होती, कारण त्यांची मुलगी व्हिक्टोरिया दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत काम करत होती आणि तिने वडिलांनी राजीनामा द्यावा असं जाहीरपणे सांगितलं. त्याच जुलैमध्ये स्कॉट यांचं मंत्रिपद गेलं आणि त्यांच्या जागी विल्यम हेग आले. हेग यांनी सरकारचं स्वतःचं विधेयक तडीला नेलं. ८ नोव्हेंबर १९९५ ला त्याचा कायदा झाला.

हेग यांना याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नामुष्की झाली नसती तर कायदा त्या वर्षी झाला असता, असं मला वाटत नाही.

म्हणजे १९९५ पासून व्हीलचेअरवरच्या माणसाला बसमध्ये चढण्याचा हक्क मिळाला?

नाही. खरी गंमत इथेच आहे. सेवा देताना भेदभाव करू नये, हे कलम दुकानाला लागू, बँकेला लागू, रेल्वे स्थानकालाही लागू. पण प्रत्यक्ष वाहनातून होणारा प्रवास त्यातून वगळलेला होता. तिकीट खिडकीवर भेदभाव झाला तर तक्रार करता यायची, गाडीत झाला तर या कलमाखाली नाही. ही पळवाट मजूर सरकारने २००५ चा दुरुस्ती कायदा करून बुजवली आणि ती सवलत प्रत्यक्षात २००६ च्या डिसेंबरमध्ये संपली. आता हे सगळं २०१० च्या समानता कायद्यात एकत्र आहे.

मग बसगाड्या सुधारल्या कोणी?

दोघांनी मिळून, म्हणायचं तर. अधिकार हुजूर सरकारच्या १९९५ च्या कायद्याने दिला, नियम मजूर सरकारने २००० मध्ये केले आणि त्यांची शेवटची तारीख आली तेव्हा पुन्हा हुजूर सरकार होतं. एकमजली बससाठी १ जानेवारी २०१६, डबलडेकरसाठी १ जानेवारी २०१७, लांब पल्ल्याच्या कोचसाठी १ जानेवारी २०२०. इतकी लांबची मुदत का? बसचं आयुष्य संपून ती तशीही भंगारात जाईल तेव्हाच नवी, सोयीची बस यावी, कंपनीला वेगळा भुर्दंड पडू नये म्हणून. धंद्याला न दुखवता हक्क देण्याची ही रीत दोन्ही पक्षांना मानवली.

नियम मात्र काटेकोर आहेत. १२०० मिलिमीटर लांब आणि ७०० मिलिमीटर रुंद व्हीलचेअर प्रमाण धरून तिच्यासाठी जागा सोडायची. थांब्यावर बस कडेला दबते, दाराखालून रॅम्प बाहेर येतो. लंडनमध्ये तो बहुधा मधल्या दाराशी असतो आणि चालकाने बटण दाबलं की पिकपिक वाजत सरकतो. लंडनबाहेर अनेक ठिकाणी चालक खाली उतरून पुढच्या दारातली फळी हाताने उलटतो. आत गेल्यावर खुर्ची उलटी लावायची, पाठ चालकाकडे आणि तोंड मागच्या प्रवाशांकडे, कारण पाठीमागच्या उभ्या पॅडला टेकून बसलं की ब्रेक लागल्यावर खुर्ची घसरत नाही. नव्या माणसाला सगळी बस आपल्याकडेच बघतेय असं वाटतं, पण रचना विचारपूर्वक केलेली आहे.

त्या जागेत बाबागाडी उभी असेल तर?

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सला निघालेल्या एका व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला बसमध्ये चढता आलं नाही, कारण जागेत बाबागाडी होती, बाळ झोपलं होतं आणि आईने गाडी हलवायला नकार दिला. फर्स्टग्रुप कंपनीविरुद्धच्या या खटल्याचा निकाल जानेवारी २०१७ मध्ये लागला : चालकाने एकदा विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. प्रवासी विनाकारण अडून बसला असेल तर त्याच्यावर दबाव येईल असं काहीतरी त्याने करायला हवं, गरज पडल्यास बस काही मिनिटं थांबवून ठेवावी. त्या प्रवाशाला खाली उतरवाच, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही.

हुजूर सरकारने त्यावर तज्ज्ञांचा गट नेमला. प्रश्न शेवटी चालकाच्या तोंडावर आणि धैर्यावर येऊन थांबतो, आणि धैर्य काही कारखान्यात बसवून मिळत नाही.

लंडनच्या जुन्या लाल रूटमास्टर बसवरून एवढं राजकारण का झालं?

मागे उघडा चौथरा, चालत्या बसमध्ये उडी मारून चढायची सोय आणि कंडक्टर, अशी ती बस. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. व्हीलचेअरला मात्र तीत प्रवेशच नव्हता. महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी ती डिसेंबर २००५ मध्ये नियमित मार्गांवरून काढली. तेव्हा उजव्या वर्तमानपत्रांत आणि हुजूर पक्षाच्या समर्थकांत हळहळीचा पूर आला. काहींचा सूर असा होता की मूठभरांसाठी सगळ्यांची लाडकी बस गेली.

बोरिस जॉन्सन २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत नवी रूटमास्टर आणण्याचं आणि लांबलचक जोडबस हटवण्याचं वचन देऊन उतरले आणि जिंकले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नवी बस रस्त्यावर आली. रूप जुनं, मागचा चौथराही होता, पण फरशी खाली आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प. वारसा हवा असेल तर तो सगळ्यांना चढता येईल असा बनवा, हे हुजूर महापौराने करून दाखवलं. मागच्या चौथऱ्यावर उभं राहायला जो कर्मचारी नेमला होता तो पुढे खर्चापायी काढला गेला आणि चौथऱ्याचं दार बंद झालं. हे सुरू झालं तेही जॉन्सन यांच्याच काळात. रॅम्प राहिला, माणूस गेला.

रेल्वेचं काय?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत : डबे आणि स्थानकं.

डब्यांच्या बाबतीत हुजूर पक्षाच्या बाजूचा एक किस्सा फार कमी लोकांना माहीत असतो. उत्तर इंग्लंडमध्ये ‘पेसर’ नावाच्या गाड्या होत्या. ऐंशीच्या दशकात बसच्या सांगाड्यावरून स्वस्तात बनवलेल्या, धडधडत जाणाऱ्या, आणि दिव्यांगांसाठीच्या, २०२० पासून पाळायच्या निकषांत न बसणाऱ्या. २०१५ मध्ये वाहतूकमंत्री पॅट्रिक मॅकलॉक्लिन यांनी नव्या कंत्राटात १२० नवे डबे घेण्याची अट घातली. खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने लेखी कळवलं की खर्चाच्या हिशेबात हे बसत नाही. मंत्र्यांनी लेखी आदेश देऊन ते डावललं. काटकसर हाच मंत्र असलेल्या सरकारच्या मंत्र्याने असा हिशेब बाजूला सारणं सोपं नव्हतं. अर्थात शेवटच्या पेसर मुदत उलटून गेल्यावरही, सवलती घेत घेत, काही काळ धावत राहिल्या.

स्थानकांचं मात्र भिजत घोंगडं आहे. बरीचशी स्थानकं व्हिक्टोरियाच्या काळातली, पूल लोखंडी जिन्यांचे, फलाट वेगवेगळ्या उंचीचे. फलाट आणि डब्याची पातळी जुळत नसल्याने रेल्वेत रॅम्प आपोआप येत नाही. कर्मचारी तो हातात घेऊन येतो. स्थानकांत लिफ्ट आणि रॅम्प बसवण्याची ‘अ‍ॅक्सेस फॉर ऑल’ योजना मजूर सरकारने २००६ मध्ये सुरू केली. हुजूर सरकारने ती बंद केली नाही, पण २०१५-१६ च्या सुमारास रेल्वेचं बजेट कोलमडलं तेव्हा या योजनेची बरीच कामं २०१९ नंतर ढकलली. मग २०१८ मध्ये ३० कोटी पौंडांपर्यंतची रक्कम जाहीर केली. आधी ढकलायचं आणि नंतर घोषणा करायची, हे आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं वाटेल.

लंडनची एलिझाबेथ लाइन हा चांगला अपवाद. सुरुवातीच्या आराखड्यात काही जुन्या उपनगरी स्थानकांना लिफ्टच नव्हती. दिव्यांग संघटनांनी पिच्छा पुरवला, २०१४ मध्ये जॉन्सन महापौर असताना पैसे मंजूर झाले, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाच्या सर्व ४१ स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरीविना जाता येतं.

तिकीट खिडक्यांचा वाद नेमका काय होता?

जुलै २०२३ मध्ये रेल्वे कंपन्यांनी इंग्लंडमधल्या बहुसंख्य तिकीट खिडक्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांच्या मागे सरकार होतं, आणि सरकार हुजूर पक्षाचं. युक्तिवाद असा : लोक फोनवर तिकीट काढतात, मग कर्मचाऱ्याने काचेआड बसण्यापेक्षा फलाटावर फिरून मदत करावी. ऐकायला बरं वाटतं. पण अंध माणसाला स्थानकात मदत कुठे मिळते? जिथे कुणीतरी नक्की असतं अशा ठरलेल्या जागी. फिरता कर्मचारी कुठल्या कोपऱ्यात फिरतोय हे त्याला कसं कळावं? शिवाय ‘फिरता’ म्हणता म्हणता ‘अर्धवेळ’ आणि मग ‘नाहीच’ होतो, ही भीती कर्मचारी संघटनांनाही होती.

हरकती साडेसात लाखांच्या पुढे गेल्या. प्रवासी हितरक्षक संस्थांनी प्रस्ताव जसेच्या तसे नाकारले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला वाहतूकमंत्री मार्क हार्पर यांनी प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं. चार महिन्यांत माघार. हार्पर स्वतः पूर्वी दिव्यांगविषयक मंत्री राहिलेले, म्हणून हे जास्त खटकतं.

त्याआधी २०१६ पासून लंडनच्या दक्षिणेकडच्या मार्गांवर गार्डवरूनही असाच झगडा झाला होता. दारं चालकाने बंद करायची, दुसरा कर्मचारी नसला तरी गाडी सोडायची. बिनमाणसाच्या स्थानकावर बिनगार्डची गाडी आली तर रॅम्प कोण लावणार, याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलं नाही.

थॅचर यांच्या खासगीकरणाचा याच्याशी काय संबंध?

थॅचर सरकारच्या १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडनबाहेरची बससेवा मोकळी केली. कोणीही कंपनी काढावी, मार्ग ठरवावा, तोट्याचा मार्ग सोडावा. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांचा मार्ग बंद झाला की त्यांच्यापुढे पर्याय राहत नाही, मग बसला रॅम्प असो वा नसो. आणि नेमक्या याच कायद्याने दिव्यांग प्रवाशांविषयी सरकारला सल्ला देणारी समितीही स्थापन केली. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने २०१० मध्ये इतर अनेक संस्थांबरोबर ती समिती मोडीत काढायचं जाहीर केलं. २०१३ मध्ये विचार बदलला. समिती अजून आहे.

टॅक्सीबद्दल पक्षाने काही केलं?

हो, आणि हे त्यांचं चांगलं काम आहे. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला नाकारणं किंवा त्याच्याकडून जास्त पैसे घेणं यावर बंदी घालणारी कलमं २०१० च्या कायद्यात होती, पण लागू झाली ती २०१७ मध्ये, हुजूर सरकारच्या काळात. दंड १,००० पौंडांपर्यंत. २०२२ मध्ये हुजूर खासदार जेरेमी राइट यांच्या खासगी विधेयकाने हे संरक्षण सर्व दिव्यांग प्रवाशांना आणि भाड्याच्या मोटारींनाही लागू केलं.

बसमध्ये थांब्यांची घोषणा सक्तीची आहे का?

२०१७ च्या बस कायद्याने तरतूद केली, नियम २०२३ मध्ये आले, अंमलबजावणी ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२६ अशी टप्प्याटप्प्याने. कायदा आणि कानावर पडणारी घोषणा यांत नऊ वर्षं.

पक्षात या विषयावर बोलणारे स्वतः दिव्यांग नेते आहेत का?

आहेत. लॉर्ड ख्रिस होम्स हे नाव आधी घ्यायला हवं. चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, पुढे पॅरालिंपिक जलतरणात नऊ सुवर्णपदकं, २०१३ पासून हुजूर पक्षातर्फे लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात. पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आणण्याच्या फॅशनविरुद्ध ते हट्टाने लढले, कारण कडेचा दगड नसेल तर काठी घेऊन चालणाऱ्याला फुटपाथ कुठे संपला ते कळतच नाही. २०१८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने नगरपालिकांना अशी कामं थांबवायला सांगितली. मध्ये सायकलमार्ग आणि पलीकडे बसथांबा, अशा ‘तरंगत्या’ थांब्यांनाही त्यांचा विरोध आहे. मजूर सरकारच्या बस विधेयकावर लॉर्ड्समध्ये चर्चा झाली तेव्हा त्यांनी तो मुद्दा लावून धरला. बससाठी सायकलींची धार ओलांडायची, आणि सायकलीचा आवाज येत नाही. अंध माणसाने करायचं काय?

दिव्यांगांच्या भत्त्यांतल्या कपातीचा प्रवासाशी संबंध आहे का?

थेट. २०१३ पासून जुन्या भत्त्याच्या जागी नवा ‘पिप’ भत्ता आला. किती अंतरापुढे चालता येत नसेल तर वरचा दर मिळेल, याची जुनी व्यवहारातली मर्यादा ५० मीटरच्या आसपास होती, ती २० मीटरवर आली. तो दर मिळाला तरच ‘मोटॅबिलिटी’ योजनेतून भाड्याने मोटार घेता येते. पुनर्तपासणीत अनेकांची मोटार गेली. २०२५ मध्येही पक्षाचा सूर या योजनेचे निकष कडक करा असाच होता. पक्षाची बाजू अशी की पैसा करदात्याचा आहे आणि ज्याला खरी गरज आहे त्यालाच तो मिळावा. वाजवी आहे. पण मग ज्याची मोटार काढून घेतली त्याच्या गल्लीतून बस जाते का, हे कुणीतरी आधी पाहायला हवं होतं. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

हे सगळं स्कॉटलंड आणि वेल्सलाही लागू होतं का?

समानता कायदा आणि वाहनांचे निकष तिथेही लागू. बससेवा, पास, स्थानिक खर्च हे तिथल्या सरकारांच्या हातात. उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे.

आई-बाबा भेटायला येणार आहेत. बाबांना गुडघ्यांमुळे चालवत नाही. त्यांना मदत मिळेल का?

रेल्वेत मिळेल. स्थानकात आणि गाडीत चढा-उतरायला मदत देणाऱ्या ‘पॅसेंजर असिस्ट’ सेवेसाठी नागरिकत्व लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, वयाचा पुरावा लागत नाही. पूर्वी आदल्या दिवशी कळवावं लागे. नियामकाने ती मुदत टप्प्याटप्प्याने कमी केली आणि एप्रिल २०२२ पासून प्रवासाच्या दोन तास आधी कळवलं तरी चालतं. न कळवता गेलात तरी मदत मागण्याचा हक्क आहे, मात्र वेळ हातात ठेवा. बाबांना स्पष्ट सांगा की मागायला संकोच करू नका. आपली माणसं ‘कशाला उगाच त्रास’ म्हणत जिने चढत बसतात.

मोफत बस पास आणि ब्लू बॅज (दिव्यांगांना मोटार उभी करायला सवलत देणारा परवाना) तिथल्या रहिवाशांसाठीच असतात, ते मिळणार नाहीत. मात्र कुणी स्वतःच्या व्हीलचेअरवर बसूनच रेल्वे प्रवास करत असेल तर दिव्यांग रेलकार्डाशिवायही काही तिकिटांवर साधारण एक तृतीयांश सवलत असते. ती खिडकीवर मागा. हो, खिडकीवर.

भारताच्या कायद्याशी याचं काही नातं आहे?

योगायोगाचं. आपला पहिला दिव्यांग कायदाही त्याच हिवाळ्यातला, डिसेंबर १९९५ मध्ये संसदेत मंजूर झालेला. आता त्याच्या जागी २०१६ चा कायदा आहे आणि त्याचं ४१ वं कलम वाहतुकीवर आहे.

पक्ष आता विरोधात आहे. मजूर सरकारमध्ये चित्र पालटलं का?

सरकार जुलै २०२४ मध्ये बदललं. ऑगस्टच्या शेवटी पॅरालिंपिकपटू आणि लॉर्ड्सच्या अपक्ष सदस्य टॅनी ग्रे-थॉम्पसन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात पोहोचल्या. रॅम्प घेऊन कुणी आलं नाही. सामान आधी फलाटावर ढकलून त्या रांगत खाली उतरल्या. गाडी कायद्याच्या निकषांप्रमाणे होती, स्थानकात लिफ्टही होत्या. मार्च २०२५ मध्ये संसदेच्या सर्वपक्षीय वाहतूक समितीने अहवाल दिला की हक्क कागदावर आहेत आणि तक्रार करून ते मिळवण्याचं ओझं दिव्यांग प्रवाशावरच टाकलेलं आहे. त्या समितीत हुजूर पक्षाचेही खासदार होते.